विलायतचे टपाल आणि वऱ्हाडातली घरे

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि महिना उलटायच्या आत, १५ ऑगस्टला, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेच्या बोटीत बसले. प्रिव्ही कौन्सिलात अपील करायचे, पार्लमेंटच्या सभासदांना गाठायचे, इंग्लंडातल्या लोकांपुढे टिळकांची बाजू मांडायची, हे काम त्यांनी अंगावर घेतले होते. वयाची पन्नाशी उलटली होती. वऱ्हाडातली पहिल्या प्रतीची वकिली त्यांनी त्यासाठी बाजूला ठेवली. अपिलात यश आले नाही. परतताना ते ब्रह्मदेशमार्गे आले, मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले आणि ऑक्टोबर १९१० मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रवास चार ओळींत आटोपतो. या पुस्तकाला त्यापुढचे विचारायचे आहे. कर्ता माणूस दोन वर्षांहून अधिक काळ परदेशी असताना अमरावतीचे घर कशावर चालले? पक्षकार कुणाकडे गेले? मुलांची शिक्षणे, घरातली आजारपणे, सणवार, देणीघेणी यांचे निर्णय कोणी घेतले, आणि लंडनच्या थंडीत बसलेल्या माणसाला ते कधी कळले? अशा प्रश्नांची उत्तरे सभांच्या वृत्तांतांत मिळत नाहीत. ती पत्रांत असतात. देशाच्या कामासाठी देशाबाहेर गेलेल्या माणसांचा खासगी पत्रव्यवहार हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याचे केंद्र अमरावती-अकोल्याचा मुलूख आहे.

इतका लहान मुलूख कशाला निवडला, असे कोणी विचारील. पण ही यादी पाहावी. १८९० साली काँग्रेसने इंग्लंडला जे शिष्टमंडळ पाठवले, त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या बरोबरीने अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर होते. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीलाच भरले, अध्यक्ष शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष खापर्डे. ज्यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले ते श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेत कॉर्नेलला गेले. पापळ गावचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले आणि १९२६ साली परतले. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्ध्याला जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे जपानमार्गे अमेरिकेला गेले, गदर पक्षाच्या पायाभरणीत सामील झाले, पहिल्या महायुद्धात इराणात लढले आणि शेवटी मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ झाले. हे सगळे एका विचाराचे नव्हते. मुधोळकर नेमस्त, खापर्डे जहाल. एकाच गावचे, एकाच बारमधले हे दोन वकील काँग्रेसच्या सुरतेच्या फुटीत परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते. केतकर विद्येसाठी गेले, खानखोजे बंदुकीसाठी. मात्र दूर राहून घराशी आणि देशाशी नाते टिकवायचे तर कागद-शाईवाचून दुसरा मार्ग यांच्यापैकी कोणालाच नव्हता.

या विषयाचा शास्त्र म्हणून विचार सर्वांत जास्त झाला तो आयरिश लोकांच्या बाबतीत, म्हणून नव्या वाचकाने आधी तिकडे पाहावे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत स्थिरावलेल्या या लोकांतून १८५८ साली आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी फेनियन चळवळ उभी राहिली, १८६७ साली क्लान-ना-गेल ही गुप्त संघटना आली. या चळवळी पत्रांवर जगल्या. एकच उदाहरण जवळून पाहू. १८६७ च्या उठावाच्या काळात पकडलेल्या बासष्ट फेनियनांना इंग्रजांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवले. त्यांतल्या जेम्स विल्सनने फ्रीमँटलच्या कैदेतून न्यूयॉर्कचा फेनियन पुढारी जॉन डेव्हॉय याला चोरून पत्र लिहिले. आपली अवस्था जिवंतपणी गाडल्यासारखी आहे, असा त्या पत्राचा सूर होता. डेव्हॉयने ते पत्र १८७४ साली क्लान-ना-गेलच्या बॉल्टिमोरच्या अधिवेशनात वाचून दाखवले. ते ऐकणाऱ्यांनी पैसे उभे केले, देवमाशांच्या शिकारीचे ‘कॅटाल्पा’ नावाचे जहाज विकत घेतले, आणि एप्रिल १८७६ मध्ये सहा कैदी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून सोडवून आणले. त्या पत्रात संघटनेचा ठराव नव्हता, कार्यक्रम नव्हता. एका मित्राने दुसऱ्या मित्राला घातलेली साद होती, आणि तिच्याने जहाज हलले. राजकीय पत्र वेगळे आणि खासगी पत्र वेगळे अशी विभागणी करून ठेवणाऱ्या अभ्यासकाने या घटनेपाशी थांबून विचार करावा.

डेव्हॉयच्या संग्रहातली पत्रे १९४८ आणि १९५३ साली दोन खंडांत छापली गेली. ही या अभ्यासाची पहिली पद्धत: पुढाऱ्यांची पत्रे जपायची, चळवळीचा पुरावा म्हणून छापायची. दुसरी पद्धत समाजशास्त्रज्ञांची. थॉमस आणि झ्नानिएत्स्की यांनी १९१८ ते १९२० या काळात पोलंडमधल्या शेतकऱ्यांवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात स्थलांतरितांची घरगुती पत्रे पहिल्यांदा समाजाचा अभ्यास करण्यासाठी वापरली गेली. त्याच वाटेने १९५८ साली आर्नल्ड श्रायर यांनी आयर्लंडमधल्या घरांत पडून असलेली ‘अमेरिकेची पत्रे’ गोळा केली. मग कर्बी मिलर आले. पाच हजारांहून अधिक पत्रे आणि आठवणी वाचून त्यांनी १९८५ साली असा सिद्धान्त मांडला की पोटासाठी गेलेला आयरिश माणूससुद्धा स्वतःला हद्दपार समजत होता, आणि त्या समजुतीतूनच त्याचे राष्ट्रप्रेम पोसले गेले. यावर बराच वाद झाला. १९९४ साली डेव्हिड फिट्झपॅट्रिक यांनी ऑस्ट्रेलियाशी झालेल्या पत्रव्यवहारातली फक्त १११ पत्रे घेतली आणि ती अक्षर न अक्षर लावून वाचली. त्यांना तिथे हद्दपारीच्या दुःखापेक्षा नात्यांची राखण जास्त दिसली: कोणी कोणाला बोलावून घ्यायचे, म्हाताऱ्या आईकडे कोणी पाहायचे, वाटणीचे काय. पुढे डेव्हिड गर्बर यांनी पत्र हे नाते चालवण्याचे साधनच आहे, ते माहितीचे कपाट नव्हे, असा मुद्दा पुढे नेला.

माझे मत फिट्झपॅट्रिक यांच्या बाजूला झुकते. हजारो पत्रांतून उतारे काढले की आपल्याला हवे ते सिद्ध करता येते. एका घराची पंचवीस पत्रे ओळीने वाचली की घर आपल्याला हवे तसे वाकत नाही. तरी मिलर यांचा प्रश्न मागे टाकता येत नाही. माणूस स्वतःच्या जाण्याला काय नाव देतो यावर तो परत कसा येतो, किंवा येतच नाही, हे पुष्कळसे ठरते.

आपल्याकडे पत्रांची उणीव कधीच नव्हती. मराठ्यांचा इतिहास तर पत्रांवरच उभा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून बावीस खंडांत साधने छापली, गावोगावच्या वाड्यांतून दप्तरे उपसली. वऱ्हाडात यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला तो त्याच परंपरेतला. पण या थोर मंडळींची नजर राज्यकारभारावर होती. लढाई, तह, सरदेशमुखी, गढीचा वेढा असे काही असेल ते पत्र महत्त्वाचे. सून बाळंत झाली, बैल मेला, यंदा पाऊस ओढला, हा मजकूर दुय्यम. छपाईच्या खर्चाचा हिशेब करता त्यांना दोष देता येत नाही. पण त्यातून अभ्यासकांना जी सवय लागली ती विसाव्या शतकातल्या पत्रांपर्यंत टिकली, आणि तिचे नुकसान मोठे आहे. स्वातंत्र्यचळवळीतल्या माणसाचे पत्र हाती आले की त्यातले ‘घरगुती’ परिच्छेद गाळून उरलेले छापायचे, असे आपल्याकडे पुष्कळदा झाले.

घरगुती पत्रांची कदर आधी कोणी केली असेल तर ती बायकांच्या चरित्रांत. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या त्या मुळात एका पत्रामुळे. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. त्यांचा मिशनऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आला, तो न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी वाचला आणि त्या अनोळखी बाईने आनंदीबाईंना पत्र घातले. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले तेव्हा पत्रे हाच त्यांचा मोठा आधार होता. नवरा-बायकोतला राग, रुसवा, धाक, सगळे त्यांनी वाचकापुढे ठेवले. काशीबाईंचे हे पुस्तक मला या क्षेत्रातले मराठीतले पहिले मोठे काम वाटते.

आता पत्रे प्रत्यक्षात कशी जात-येत ते पाहू, कारण मजकुराचा घाट बराचसा त्यावरून ठरला. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ साली पुरी झाली, ती अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून गेली आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. ही लाइन मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडची रुई लँकेशायरच्या गिरण्यांना जायची. त्याच गाडीने टपाल मुंबईला जाई आणि तिथून आठवड्याच्या बोटीने विलायतेला. २५ डिसेंबर १८९८ पासून साम्राज्याच्या बऱ्याच भागांत अर्ध्या औंसाच्या पत्राला एक पेनी, म्हणजे आपल्याकडे एक आणा, हा दर लागू झाला. अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅम. त्या वजनात बसवायचे म्हणून पातळ कागद, बारीक अक्षर, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, आणि समासात आडवी उभी घातलेली ‘ता. क.’ पत्र पोहोचायला दोन-अडीच आठवडे, उत्तर यायला तितकेच. म्हणजे घरी कोणी तापाने पडले तर लंडनला ते कळेपर्यंत रोगी एक तर हिंडूफिरू लागलेला असे किंवा त्याचा तेरावाही होऊन गेलेला असे. काळजी आणि सांत्वन यांचा मेळ कधीच बसत नसे. ही पत्रे वाचताना तारखा जुळवून समोर ठेवाव्या लागतात, नाहीतर लिहिणारा निष्ठुर वाटण्याचा धोका आहे.

मायन्याचेही तसेच. ‘कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’, ‘येथील सर्व क्षेम, तेथील क्षेम लिहीत जावे’, ‘कळावे, लोभ असावा’ ही ठरीव शब्दांची चौकट पाहून नवा वाचक दोन ओळी सोडून पुढे जातो. आयरिश पत्रांतही प्रकृतीची चौकशी करणारी अशीच ठरीव सुरुवात असते आणि तिकडचे अभ्यासकही आधी ती सोडूनच देत. नंतर ध्यानात आले की चौकट जिथे मोडते तिथे काहीतरी घडलेले असते. नेहमी ‘सर्व क्षेम’ लिहिणारा माणूस एखाद्या पत्रात ते लिहायचे टाळतो, किंवा तीर्थरूपांना लिहिता लिहिता मध्येच बंधूला उद्देशून बोलू लागतो, तिथे थांबावे. ठरीव शब्दांचा आणखी एक उपयोग होता: पत्र अनेकांसमोर मोठ्याने वाचले जाई. आयर्लंडच्या खेड्यात अमेरिकेचे पत्र आले की शेजारीपाजारी जमत. वऱ्हाडातही पत्र घरातला किंवा ओळखीतला शिकलेला माणूस वाचून दाखवी आणि आतल्या दारापाशी बसून बायका ऐकत. चारचौघांत वाचले जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाने बायकोला काय लिहावे? बरेचसे तो आईला किंवा भावाला लिहिलेल्या ओळींतूनच सांगे.

एका बाबतीत वऱ्हाड आणि आयर्लंड यांचे रस्ते अगदी उलटे आहेत, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आयरिश पत्रातून पैसा घरी यायचा. न्यूयॉर्कला मोलकरणीचे काम करणारी मुलगी पाकिटात ड्राफ्ट घालून पाठवी, त्यावर घरचे भाडे भागे, धाकट्या भावंडाचे तिकीट निघे. आपल्याकडचा विलायतेला गेलेला माणूस घरच्या पैशावर राहत होता. शेतकऱ्याच्या मुलाचे बोलावे तर वर्षातून एकदा, दिवाळीनंतर कापूस बाजारात गेला की हाती पडणाऱ्या रकमेतून लंडनचा किंवा एडिंबरोचा खर्च काढायचा. पऱ्हाटीला बोंडअळी लागली, भाव पडला, की तिकडची खोली बदलावी लागे. म्हणजे देशाबाहेरच्या देशकार्याचा भांडवलदार वऱ्हाडातला शेतकरी, अडत्या आणि वकील होता, आणि त्याच्याइतकीच घरातली बाई, जिच्या अंगावरचा दागिना अशा वेळी पहिल्यांदा उतरतो. या पैशाचा हिशेब सभांच्या इतिवृत्तांत येत नाही. पत्रांतल्या पैशाच्या ओळी कंटाळवाण्या म्हणून गाळल्या, तर चळवळीला कोणी पोसले हेच आपण गाळतो.

खानखोज्यांसारख्यांची गोष्ट आणखी वेगळी. ते परदेशात स्वतः राबून शिकले, नाव-वेश बदलून फिरले, आणि १९४९ सालापर्यंत त्यांना मायदेशी उघडपणे पाऊल टाकता आले नाही. अशा माणसाने घरी पत्र लिहिणे म्हणजे घरावर पोलीस आणणे. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या २६ व्या कलमाने सरकारला टपाल अडवून पाहण्याचा अधिकार दिला होता. पत्र न लिहिणे हीच तेव्हा घरच्यांची काळजी घेण्याची रीत होती. म्हणून क्रांतिकारकांच्या बाबतीत मौनालाही साधन मानावे लागते: पत्रे कधी थांबली, तिसऱ्याच माणसाच्या हस्ते निरोप कधी आला, पत्र वाचून जाळण्याची सूचना कधी होती.

जी जाळली गेली नाहीत त्यांतली कितीतरी आज गुप्तचर खात्याच्या दप्तरात आहेत. १ जुलै १९०५ रोजी श्यामजी कृष्णवर्मांनी लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाउस उघडले आणि पुढे तिथल्या माणसांवर सरकारची नजर राहिली. डिसेंबर १९०८ मध्ये कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी लोकांची परिषद खापर्ड्यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तेव्हा ऐकणाऱ्यांत टिपणे घेणारेही असणारच. पुढे १९१७-१८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात गदर आणि जर्मनीच्या कटाचा खटला चालला, त्यात पत्रे आणि तारा पुराव्यासाठी मांडल्या गेल्या. अशी पत्रे वाचताना ती कोणी निवडली हे विसरू नये. पोलिसाने उतरवून घेतलेल्या पत्रात शस्त्रे आणि पैसे यांचाच मजकूर जास्त सापडतो, कारण त्याला तेवढेच हवे होते. आईची विचारपूस त्याने उतरवून घेण्याचे कारण नव्हते.

आयर्लंडशी आपले नाते केवळ तुलनेपुरते नाही, तेही इथे नोंदवतो. मौलवी बरकतुल्ला आणि सॅम्युअल ल्यूकस जोशी या मराठी ख्रिस्ती गृहस्थांनी १९०६ साली न्यूयॉर्कला ‘पॅन आर्यन असोसिएशन’ काढली, तिला आयरिश मंडळींचा हात होता. डेव्हॉयचे ‘गेलिक अमेरिकन’ हे वृत्तपत्र हिंदी क्रांतिकारकांची बाजू घेई. १९१६ साली टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली, ते नावच आयर्लंडमधून आलेले, आणि तिच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रांत व वऱ्हाड होता.

मग आज हे कशासाठी? पहिले कारण लिपीचे. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत अजून लोखंडी पेट्या आहेत, त्यांत पत्रांचे गठ्ठे आहेत, आणि त्यांतली पुष्कळ पत्रे मोडीत आहेत. मोडी सफाईने वाचणारी पिढी गेली. वाटण्या होतात, वाडा पडतो, फ्लॅटमध्ये पेटीला जागा नसते, आणि ‘वाचता येत नाही’ एवढ्या कारणावरून गठ्ठा रद्दीत जातो. दुसरे कारण असे की अमरावती-अकोल्याची मुले आज पुन्हा मोठ्या संख्येने बाहेर आहेत, त्यांचे घरच्यांशी रोज बोलणे होते, आणि त्या बोलण्यातले काहीही उरत नाही. केतकरांनी परदेशस्थ मराठी माणसाच्या आयुष्यावर ‘परागंदा’ ही कादंबरी १९२६ साली लिहिली. ज्या अनुभवातून ती आली त्याचा कच्चा माल कागदावर तरी होता.

हे पुस्तक सगळी पत्रे देत नाही, तसा त्याचा दावा नाही. पुढाऱ्यांच्या चरित्रांत, रोजनिशांत, सरकारी दप्तरांत आणि घरांत विखुरलेला पत्रव्यवहार एकमेकांशेजारी ठेवून कसा वाचावा, हे ते दाखवू पाहते. खापर्ड्यांच्या इंग्रजी रोजनिशा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. रोज आलेल्या-गेलेल्या पत्रांची त्यांतली एखादी कोरडी नोंद आणि अमरावतीच्या घराचा त्याच आठवड्यातला प्रसंग यांची तारीख जुळली, की जे दिसते ते एकट्या रोजनिशीत दिसत नाही. ही जुळवाजुळव हाच या पुस्तकाचा खरा उद्योग आहे. पुढाऱ्यांना मोठे किंवा लहान करण्यात त्याला रस नाही.

एक उणीव मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे. परदेशातून आलेली पत्रे घरांनी जपली; घरून गेलेली पत्रे मात्र लंडनच्या भाड्याच्या खोल्यांत, बोटींवर, तुरुंगांत हरवली. त्यामुळे आईचे, बायकोचे, बहिणीचे म्हणणे आपल्याला उत्तरांवरूनच ओळखावे लागते. ‘तू लिहिलेस त्याप्रमाणे’ अशी सुरुवात असलेले प्रत्येक वाक्य या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे, कारण हरवलेल्या पत्राचा तेवढाच तुकडा शिल्लक असतो. या पुस्तकात अशा वाक्यांना मुद्दाम जागा दिली आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा गठ्ठा असेल तर एवढे करावे. पत्रे विषयवार लावू नयेत, जशी बांधलेली आहेत तशीच राहू द्यावीत, कारण बांधणाऱ्याने काही विचार केलेला असतो. पाकिटे फेकू नयेत. पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्र कधी निघाले आणि कधी पोहोचले ते कळते. तिकिटे कापून घेऊ नयेत. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नयेत, वऱ्हाडच्या पावसाळ्यात आत ओल धरते. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावीत. आणि मोडी येत नसेल तरी निदान प्रत्येक पानाचा फोटो काढून, घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला विचारून, पत्रात कोणाकोणाची नावे असण्याचा संभव आहे ते देवनागरीत लिहून ठेवावे. पुढे जो कोणी वाचायला बसेल, त्याला पहिली ओळ तिथूनच लागेल.